दाढीचा साबण आणि क्रीम घरी तयार करताना

अंगाच्या साबणाचा कीस गरम पाण्यात विरघळवून, त्यात ग्लिसरीन मिसळून ‘घरगुती शेव्हिंग क्रीम’ तयार करण्याच्या कृती बऱ्याच ठिकाणी सापडतात. परंतु त्या फेसाने दाढी नीट होत नाही, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय या कामाला हात घालू नये. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि लवकर बसतो. दाढीसाठी मात्र बारीक, दाट आणि पाणी धरून ठेवणारा फेस हवा, कारण केस मऊ करण्याचे काम पाणीच करते आणि पाते सहज सरकण्यासाठी गालावर ओलसर थर शेवटपर्यंत टिकावा लागतो. असा फेस स्टिअरिक आम्लापासून, म्हणजे तेला-चरबीतील एका मेणासारख्या घट्ट स्निग्धाम्लापासून, मिळतो. म्हणून दाढीच्या साबणात त्याचा वाटा निम्म्याच्या आसपास ठेवतात आणि कॉस्टिक सोड्याच्या (सोडियम हायड्रॉक्साइड) जोडीला कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरतात. निव्वळ सोड्याने स्टिअरिक आम्लाचा साबण दगडासारखा कडक होतो आणि ब्रशला लागत नाही. पोटॅशमुळे तो मऊ राहतो व चटकन विरघळतो.

पुढील प्रमाणात साधारण १०० ग्रॅमच्या आठ वड्या होतात. स्टिअरिक आम्ल २६० ग्रॅम, खोबरेल १०० ग्रॅम, कोकमतेल ९० ग्रॅम आणि एरंडेल ५० ग्रॅम घ्यावे. क्षारासाठी ९० टक्के शुद्धतेचे कॉस्टिक पोटॅश ६५ ग्रॅम, कॉस्टिक सोडा २८ ग्रॅम आणि डिस्टिल्ड वॉटर २३० ग्रॅम लागते. शेवटी घालण्यासाठी ३० ग्रॅम ग्लिसरीन बाजूला ठेवावे. पोटॅशच्या डब्यावरील शुद्धतेचा आकडा अवश्य वाचावा, कारण ८५ टक्क्यांचा मालही सर्रास विकला जातो आणि तो असल्यास ६५ऐवजी ६९ ग्रॅम घ्यावा लागतो. या हिशेबात सुमारे ५ ते ६ टक्के स्निग्धांश मुद्दाम साबण न होता शिल्लक राहतो, त्यामुळे कातडी ओढली जात नाही. सर्व जिन्नस, द्रवसुद्धा, डिजिटल काट्यावर वजनानेच मोजावेत. वाटी-चमच्याचे माप इथे चालत नाही. तेल बदलले तर क्षाराचे प्रमाणही बदलते, हे विसरू नये.

कोकमतेलाचा आग्रह केवळ कोकणच्या प्रेमापोटी नाही. कोकमाच्या बियांपासून काढलेल्या या घट्ट तेलात मुळातच भरपूर स्टिअरिक आम्ल असते आणि भेगाळलेल्या टाचांना ते पिढ्यान्‌पिढ्या लावले जात आहे. घरगुती पद्धतीने काढलेला मुठेलाचा, म्हणजे याच कोकमतेलाचा, गोळा मिळाला, तर तो वितळवून स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावा. त्यात राहिलेला बियांचा बारीक कण दाढीच्या वेळी पात्याखाली येतो. स्टिअरिक आम्ल मेणबत्तीचे सामान विकणाऱ्यांकडे मिळते, मात्र ते सौंदर्यप्रसाधनाच्या प्रतीचे आहे याची खात्री करून घ्यावी.

कॉस्टिक हाताळताना डोळ्यांवर बंद चष्मा, हातांत रबरी मोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. लहान मुले आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर असावेत व खिडक्या उघड्या असाव्यात. स्टेनलेस स्टीलचीच भांडी वापरावीत, कारण ॲल्युमिनियमशी या क्षाराची क्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. पाण्यात कॉस्टिक थोडे थोडे घालावे. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येऊ शकते. थेंब अंगावर उडालाच, तर व्हिनेगर किंवा लिंबू न लावता ती जागा वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावी, आणि डोळ्यात गेल्यास डोळा धूत असतानाच दवाखान्यात जाण्याची तयारी करावी.

एका मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरे पातेले बसवावे आणि स्टिअरिक आम्लासह सर्व स्निग्ध पदार्थ वितळवून ७५ ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत आणावेत. त्यात क्षाराचे गरम द्रावण बारीक धारेने सोडत सतत ढवळावे. एरवी साबण हळूहळू जमतो; इथे मात्र स्टिअरिक आम्लाची क्षाराशी तत्काळ क्रिया होते आणि मिश्रण काही क्षणांतच कुस्करलेल्या बटाट्यासारखे घट्ट होते. काहीतरी बिघडले असे समजून अनेकजण याच टप्प्यावर हात थांबवतात, तसे करू नये. मजबूत कालथ्याने तळापासून उलटसुलट करत सगळे एकजीव करावे, झाकण ठेवावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी ढवळत पाऊण ते एक तास शिजू द्यावे. गुठळ्या जाऊन मिश्रण अर्धपारदर्शक व चिकट दिसू लागले, की किंचित साबण डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून पीएच पट्टीने तपासावा. आकडा ९ ते १०च्या आसपास हवा. ११च्या वर असल्यास आणखी शिजवावे.

मिश्रण थोडे निवल्यावर ग्लिसरीन घालावे. सुगंध हवाच असेल, तर वाळ्याचे किंवा चंदनाचे तेल ५ ग्रॅमपर्यंत पुरे. दालचिनी व लवंगेची तेले ताज्या दाढीवर झोंबतात, म्हणून ती टाळावीत. मुलतानी माती घालण्याचा सल्लाही मी देणार नाही, कारण तिची कणी नाजूक कातडीवर घासते. साबण ओतण्याइतका पातळ नसतो, त्यामुळे तो रुंद तोंडाच्या डब्यांत किंवा स्टीलच्या वाट्यांत दाबून भरावा आणि दोन आठवडे उघड्यावर, सावलीत सुकू द्यावा.

क्रीमसाठी सोडा पूर्णपणे वगळायचा. स्टिअरिक आम्ल २०० ग्रॅम, खोबरेल ५० ग्रॅम, ९० टक्क्यांचे पोटॅश ५० ग्रॅम आणि ते विरघळवायला १२० ग्रॅम पाणी घेऊन वरीलप्रमाणेच शिजवावे, मग ५० ग्रॅम ग्लिसरीन आणि २३० ग्रॅम गरम पाणी थोडे थोडे घोटत मिसळावे. यात स्निग्धांश जास्त शिल्लक ठेवलेला असतो. त्यातील मोकळ्या स्टिअरिक आम्लामुळे मुरल्यावर क्रीमला मोत्यासारखी झाक येते. ते झाकणबंद बरणीत दोन-तीन आठवडे मुरू द्यावे आणि कोरड्या चमच्यानेच काढावे.

बोअरच्या पाण्याने फेस फाटत असेल, तर दोष बहुधा साबणाचा नसतो; जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चोथा तयार करतात. अशा भागात पुढच्या घाण्याच्या वेळी ८ ग्रॅम सोडियम सायट्रेट थोड्या पाण्यात विरघळवून ग्लिसरीनबरोबर घालावे, किंवा ब्रश भिजवण्यासाठी आणि फेस करण्यासाठी गाळलेले पावसाचे पाणी वापरावे.