पाठीवर पोहताना मान कशी ठेवावी?

खानदेशात ज्यांनी विहिरीत किंवा तापी-गिरणेच्या डोहात पोहण्याचे पहिले धडे घेतले, त्यांची मान सतत पाण्याबाहेर राहण्यास सरावलेली असते. पाठीला कोरडा भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून शिकताना नाकातोंडात पाणी जाऊ नये, एवढीच काळजी असते, आणि तिथे ही सवय उपयोगीही पडते. अडचण होते ती पुढे, जळगाव-धुळ्यातल्या तरणतलावात अशी व्यक्ती बॅकस्ट्रोक शिकू लागते तेव्हा. उताणे होताच ती डोके उचलून स्वतःचे पाय पाहू लागते, कंबर खाली जाते आणि पाण्यात खुर्चीवर बसल्यासारखी तिची अवस्था होते. बहुतेक जण यावर उपाय म्हणून पाय अधिक जोराने मारतात. त्याने दम तेवढा लागतो. कंबर वर येत नाही, कारण दोष पायांत नसून हनुवटीत असतो.

फुप्फुसांत हवा असल्याने पाण्याचा वर उचलणारा जोर छातीच्या बाजूला एकवटतो, तर शरीराच्या वजनाचा मध्य कमरेच्या जवळ असतो. त्यामुळे पाय मुळातच बुडू पाहतात. त्यातच सुमारे ४ ते ५ किलो वजनाचे डोके, जे पाणी सहज पेलत होते, ते बाहेर काढले की त्याचा भार उरलेल्या शरीरावर पडतो, आणि मान उचलून धरण्यासाठी पोट आकसले की कमरेत घडी पडते. केळीचे खोड पाण्यावर आडवे तरंगते, ते त्याला घडी नसल्यामुळेच.

सुरुवात कमरेएवढ्या पाण्यात आणि जाणकार सोबत्याच्या मदतीने करावी. सोबत्याने एक तळवा डोक्याखाली व दुसरा कमरेखाली धरावा. शिकणाऱ्याने छाती भरून श्वास घ्यावा, दोन्ही कान पूर्ण पाण्यात जाऊ द्यावेत आणि पाटावर उशीशिवाय झोपल्यावर मान जशी राहते तशी ती सैल सोडावी. कानात पाणी जाण्याची भीती अनेकांना वाटते, आणि मान उचलली जाते ती बहुधा याच भीतीपोटी. ती गेल्याखेरीज हात-पाय मारायला शिकवणे व्यर्थ आहे, असे माझे मत आहे. नजर सरळ आकाशाकडे किंवा किंचित पायांच्या बाजूला असावी. काही जण सांगितल्यावर उलट टोक गाठतात आणि डोके फार मागे टाकतात. मग पाठीची कमान होते व पाणी चेहऱ्यावरून वाहते. खांद्यांच्या मधला भाग हलकेच पाण्यात दाबला आणि पोट वर ठेवले की कंबर आपोआप तरंगते. तसे झाले की सोबत्याने आधी कमरेखालचा आणि मग डोक्याखालचा हात काढावा.

पाय मांडीपासून हलवावेत. गुडघे पाण्याबाहेर दिसू लागले तर सायकल चालवली जात आहे, असे समजावे.

हात फिरवताना खांदे आणि कंबर एकत्र दोन्ही कुशींवर साधारण ३० ते ४५ अंश कलतात. डोके मात्र जागचे हलत नाही. हात पाण्यातून अंगठ्याकडून निघावा व करंगळीकडून आत जावा. डोके स्थिर आहे की नाही, हे पाहण्यासाठी कपाळावर अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला ठेवून पोहावे. प्रारंभी तो दर दोन हातांनी पडतो, त्याने निराश होऊ नये.

आपल्याकडचे बरेच तलाव उघड्यावर असतात. उन्हाळ्यात वर पाहणे असह्य होते आणि मान नकळत वळते, म्हणून पहाटेची वेळ निवडावी किंवा गडद काचेचा गॉगल लावावा. छत नसल्याने सरळ रेषेचा अंदाज येत नाही. त्यासाठी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाजूची दोरी दिसत राहील इतक्या अंतरावर पोहावे. स्पर्धेच्या तलावात भिंतीपासून ५ मीटरवर पाण्याच्या वर पताका लावलेल्या असतात. तिथून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात, हे आधी सावकाश मोजून ठेवावे. पताका नसतील तर तेवढ्या अंतरावर काठावर कोणाला तरी उभे करून हाक द्यायला सांगावे, कारण भिंत शोधण्यासाठी मान वळवली तर शेवटच्या दोन-तीन हातांतच कंबर पुन्हा खाली जाते.