फ्रिजमधला ‘आधी हे संपवा’ डबा

संध्याकाळी दमून घरी आल्यावर वेळ खातो तो ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न. आणि तोवर अर्धी ढोबळी मिरची मागच्या कोपऱ्यात सुकत असते.

एक मोठा पारदर्शक डबा घ्या, फ्रिजमध्ये अगदी डोळ्यांसमोर ठेवा. चिरून उरलेला कांदा, एखादं गाजर, मूठभर मटार, मऊ पडू लागलेला टोमॅटो, दोन उकडलेले बटाटे असं लवकर संपवायचं सगळं त्यातच टाका. रात्रीच्या स्वयंपाकाची सुरुवात नेहमी या डब्यापासून करायची.

पुढचं सोपं आहे. तेलावर कांदा-लसूण परता. भाज्या बारीक चिरा आणि कडक आधी, मऊ नंतर अशा क्रमाने घाला: गाजर पहिलं, टोमॅटो आणि पालेभाजी शेवटी. मग त्यात शिजलेला भात किंवा नूडल्स मिसळा, नाहीतर दोन-तीन अंडी फोडा. पाणी घालून उकळलंत तर त्याचंच सूप. 25 मिनिटांत ताटं मांडली जातात. डब्यातलं काय घ्यायचं ते मुलांना निवडू द्या. आमच्याकडे तेव्हापासून ताटात भाजी उरत नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा. उरलेला भात पसरून निववा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकूनच द्या, तो गरम केल्यानेही सुरक्षित होत नाही.