प्लेस्टेशन २ (पीएस२) गेम कन्सोलवर जुना गेम काळ्या पडद्यावर अडकत होता, तो असा सुटला

फ्री मॅकबूट (मेमरी कार्डवरून बाहेरचे प्रोग्राम चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकलेल्या माझ्या पीएस२वर ओपन पीएस२ लोडरमधून, म्हणजे पेनड्राइव्हवरून गेम चालवणाऱ्या प्रोग्राममधून, बाकी गेम झकास चालायचे. माझ्याकडच्या सीडीवरून काढलेला एक जुना गेम मात्र लोगोनंतर काळाठिक्कर. आधी पेनड्राइव्हवर संशय, कारण त्यावर फाइलचे तुकडे विखुरले की लोडर रुसतो. तो फॅट३२ पद्धतीत फॉरमॅट करून आयएसओ (डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाइल) परत टाकली. तरी ढिम्म!

खरी गोम फोल्डरची. सुरुवातीचे बरेच पीएस२ गेम सीडीवर यायचे (खालची बाजू निळी असते, बघा), आणि लोडर डिस्कचा प्रकार फोल्डरवरून ठरवतो. फाइल ‘डीव्हीडी’मधून ‘सीडी’मध्ये हलवली, लोडरच्या कम्पॅटिबिलिटी सेटिंगमध्ये मोड १ (डिस्कसारखं अचूक वाचन) लावला, गेम सुरू. व्हिडिओ अजून अडखळतात; जुना, संथ यूएसबी १.१ पोर्ट, चालायचंच.