सरकारी नोकरीत भेदभाव होत असेल तर तक्रार कशी आणि कुठे करायची

सरकारी ऑफिसात भेदभाव सहसा कोणी तोंडावर बोलून करत नाही. चांगलं टेबल काढून घेतात, गोपनीय अहवालात (वर्षभराच्या कामावर वरिष्ठ लिहितात तो शेरा) कारण न देता 'अ' चा 'ब' होतो, पदोन्नतीच्या यादीत ज्युनिअरचं नाव येतं आणि आपलं बाजूला राहतं, बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेल्या बाईला मुद्दाम लांबचं गाव देतात. मग माणूस साहेबांना भेटत राहतो, विनंती अर्ज देत राहतो, वर्षं जातात, आणि वकिलाकडे पोचल्यावर कळतं की मुदत कधीच संपली. खूप चांगल्या केसेस फक्त ह्या एका कारणाने जातात म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट. खालचं मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. त्यांच्या नोकरीच्या केसेस मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात चालतात. केंद्र सरकारवाल्यांना मॅटच्या जागी कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, कायदा दोघांना एकच, १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा. झेडपी, महापालिका, एसटी यांच्या कर्मचाऱ्यांना मॅटमध्ये जाता येत नाही, त्यांनी आपल्या सेवानियमात अपील कोणाकडे आहे ते बघायचं, पण कागद जमवायची आणि अर्ज लिहायची पद्धत त्यांनाही हीच.

१. नेमकं काय झालंय ते ठरवा

संविधानाच्या कलम १६ प्रमाणे सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास या कारणांवरून भेदभाव करता येत नाही. दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा आहे, त्यात तर स्पष्ट लिहिलंय की फक्त दिव्यांग आहे म्हणून पदोन्नती नाकारता येणार नाही आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येणार नाही की खालच्या पदावर टाकता येणार नाही.

माझं मत विचाराल तर तक्रारीत पहिला मुद्दा नियम कुठे मोडला हा घ्या, साहेबांच्या मनात काय होतं हा मुद्दा दुसरा. हेतू सिद्ध करणं फार अवघड असतं आणि वैयक्तिक आकस होता असं कोर्टात म्हणायचं तर त्या अधिकाऱ्याला नावाने पक्षकार करावं लागतं. नियम मोडल्याचं मात्र कागदावर दिसतं. उदाहरण बदलीचं घ्या, २००५ च्या बदली कायद्यात साधारण कार्यकाळ ३ वर्षांचा आहे, बदल्या एप्रिल-मे मध्ये करायच्या आणि मधेच करायची तर लेखी कारणं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची आधी मान्यता लागते. ती मान्यता फाइलवर नसेल तर तुमची अर्धी लढाई तिथेच झाली, आणि असं फक्त तुमच्याच बाबतीत झालंय हे दाखवता आलं की भेदभावाच्या मुद्द्यालाही वजन येतं.

२. कागद जमवा, आजपासूनच

एक वही करा आणि तारीख, वेळ, काय बोललं गेलं, समोर कोण होतं हे त्याच दिवशी लिहा. तोंडी आदेश मिळाला की त्याच दिवशी साधं पत्र किंवा मेल टाका, "आज आपण दिलेल्या तोंडी सूचनेनुसार अमुक काम अमुक यांच्याकडे दिलं आहे". सेवापुस्तकाची पाहणी करून झेरॉक्स घेऊन ठेवा. स्वतःचे गोपनीय अहवाल मागा, ते कळवणं ही ऑफिसचीच जबाबदारी आहे, सुप्रीम कोर्टाने २००८ च्या देव दत्त निकालात सांगितलंय की फक्त वाईट शेराच नाही तर प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे.

बाकीचं माहिती अधिकारात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून एकात सगळं कोंबू नका, ज्येष्ठता यादीसाठी वेगळा, पदोन्नती समितीच्या इतिवृत्तासाठी वेगळा, बदलीच्या प्रस्तावावरची टिपणी हवी असेल तर तिसरा. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पहिलं अपील. दुसऱ्याचा गोपनीय अहवाल सहसा मिळत नाही, ती वैयक्तिक माहिती असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये म्हटलंय, पण केस उभी राहिली की न्यायाधिकरण असे कागद ऑफिसकडून मागवू शकतं.

मग एक तक्ता करा. तुमच्याच केडरचे (संवर्गाचे) लोक, ज्येष्ठता क्रमांक, कोणाला कोणता पदभार, कोणाची बदली किती वर्षांनी. भेदभाव म्हणजे शेवटी तुलना आहे, आणि ती तुलना वाचणाऱ्याला एका पानावर दिसली पाहिजे.

३. योग्य दरवाजा

लैंगिक छळ असेल तर आधी ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे, २०१३ च्या कायद्याखाली. शेवटच्या घटनेपासून ३ महिने, समितीला कारण पटलं तर आणखी ३ महिने. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. बऱ्याच जणींना माहीत नसतं की चौकशी चालू असताना लेखी मागणी केली तर बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याला तिचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून थांबवता येतं. हे अर्जातच मागून घ्या. तक्रार खुद्द कार्यालयप्रमुखावर असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे आणि त्याने २ आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेतच.

अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय आयोगांकडे जाता येतं, आयोगाला कागद आणि अधिकारी बोलावून घ्यायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. बिंदुनामावलीत (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची हे ठरवणारी नोंदवही) घोळ वाटला तर विभागीय आयुक्तांकडच्या मागासवर्ग कक्षाला लिहा. चारचौघांत जातीवरून अपमान केला असेल तर तो अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा होतो, त्यासाठी पोलीस स्टेशन. पण नीट लक्षात ठेवा, आयोगाला स्थगिती देता येत नाही आणि तिथे तक्रार पडून आहे म्हणून मॅटची मुदत थांबत नाही.

४. अर्ज लिहिताना

बहुतेक अर्ज असे असतात, "साहेब माझ्यावर कायम अन्याय करतात, त्यांना माझ्या समाजाचा राग आहे, तरी न्याय मिळावा". यावर ऑफिस एका ओळीत उत्तर देतं, आरोप मोघम आहेत. त्याऐवजी असं लिहा:

"दि. १२ जूनच्या आदेशाने माझ्याकडील लेखा शाखेचा पदभार काढून श्री. अमुक यांना देण्यात आला. ज्येष्ठता यादीत मी १४ व्या क्रमांकावर असून ते ३१ व्या क्रमांकावर आहेत. माझ्या कामाबाबत आजवर एकही ज्ञापन (मेमो) देण्यात आलेले नाही. याच आदेशाने आणखी दोघांचे पदभार काढले असून आम्ही तिघेही अनुसूचित जातीचे आहोत. पदभार काढण्याचे कारण लेखी कळवावे व आदेश रद्द करावा."

यात एकही विशेषण नाही, आणि शेवटी नेमकं काय हवंय ते मागितलंय. अर्ज वरिष्ठांमार्फत योग्य मार्गानेच पाठवा, सोबत आगाऊ प्रत थेट सक्षम प्राधिकाऱ्याला. आवक शाखेत देताना ओसीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आमदारांचं पत्र जोडू नका, वर्तणूक नियमांत बाहेरचा दबाव आणायला मनाई आहे आणि उलट तुम्हालाच नोटीस येते. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद घालणं तर अजिबात नको.

५. मुदत, इथेच लोक हरतात

शिस्तभंगाच्या शिक्षेविरुद्ध अपील ४५ दिवसांत. बाकी आदेशांविरुद्ध निवेदन शक्य तितक्या लवकर. निवेदन फेटाळलं तर त्या तारखेपासून १ वर्षात मॅटमध्ये जायचं. उत्तरच आलं नाही तर ६ महिने थांबायचं आणि ते ६ महिने संपल्यावर पुढचं १ वर्ष. बस. दर दोन महिन्यांनी स्मरणपत्रं दिली म्हणून ही मुदत वाढत नाही, १९८९ च्या एस. एस. राठोड केसपासून सुप्रीम कोर्ट हेच सांगतंय, तरी लोक दहा-दहा स्मरणपत्रांची फाइल घेऊन येतात आणि फार वाईट वाटतं. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण कारण खरं आणि कागदासकट हवं.

बदलीत मात्र ६ महिने वाट बघत बसायचं नाही. आधी दाद मागून मग या, हा नियम कायद्यात 'सर्वसाधारणपणे' असा आहे, तातडी असेल तर थेट अर्ज घेतला जाऊ शकतो. कार्यमुक्त होण्याआधी गेलात तर स्थगितीची शक्यता जास्त, तुमच्या जागी दुसरा हजर झाला की अवघड होतं.

६. मॅटमध्ये

मुख्य पीठ मुंबईला, खंडपीठं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. मूळ अर्ज करायचा, स्वतः बाजू मांडता येते पण पदोन्नती-ज्येष्ठतेच्या केसला सेवाविषयक वकील घ्याच. ज्येष्ठतेत तुम्ही जिंकलात तर ज्यांचं नुकसान होणार त्या सहकाऱ्यांनाही पक्षकार करावं लागतं, हे राहिलं तर केस तेवढ्यावरच अडकते. निकाल विरोधात गेला तर हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे रिट याचिका.

या सगळ्या काळात काम चोख ठेवा. बदली आदेशाला स्थगिती नसेल तर हजर व्हा, हजर होताना "न्यायालयीन हक्क अबाधित ठेवून" असं रुजू अहवालात लिहा. तक्रारीनंतर ज्ञापनं सुरू झाली तर प्रत्येकाचा खुलासा मुदतीत, शांत भाषेत द्या आणि त्यांच्या तारखा तुमच्या तक्रारीच्या तारखेशेजारी मांडून ठेवा, तक्रारीआधी पंधरा वर्षं एकही ज्ञापन नाही आणि नंतर महिन्यात तीन, हे दाखवता आलं तर तो स्वतंत्र मुद्दा होतो. निकाल बाजूने लागला की प्रमाणित प्रत घेऊन लेखी पत्रासोबत आस्थापना शाखेत द्या, पत्रात निकालात दिलेली अंमलबजावणीची तारीख लिहा, आणि ती तारीख उलटली तर अवमान अर्जाबद्दल वकिलाशी लगेच बोला.