‘माझ्याविषयीचे सगळे द्या’: ब्रिटनमधील छोट्या व्यावसायिकाने अवजड माहिती-अर्ज कसा हाताळावा

नोकरी सोडून, बहुधा भांडून गेलेला कर्मचारी चार ओळींचा ईमेल पाठवतो: गेल्या सात वर्षांत माझ्याविषयी तुमच्याकडे जे जे लिहिले किंवा साठवले गेले, ते सर्व मिळावे. ब्रिटनमध्ये दवाखाना, केअर होम किंवा छोटी आयटी कंपनी चालवणाऱ्याच्या मनात ‘हा निव्वळ त्रास आहे, नाकारून टाकू’ असेच प्रथम येते. तसे करू नये. अशा अर्जाचे ओझे नकाराने क्वचितच हलके होते. वेळेवर विचारलेल्या एका नेमक्या प्रश्नाने मात्र बरेच हलके होते.

स्वतःविषयीची माहिती मागण्याचा हा हक्क यूके जीडीपीआर या ब्रिटनच्या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १५ ने दिलेला आहे. पूर्वी अर्जासोबत १० पौंडांपर्यंत शुल्क घेता येत असे. मे २०१८ पासून अर्ज सर्वसाधारणपणे विनामूल्य आहे. त्याला ठरावीक नमुना नाही, तो तोंडीही करता येतो आणि त्यात कायद्याचे नाव असण्याची गरज नाही, त्यामुळे रिसेप्शनवर बसणाऱ्यालाही तो ओळखता आला पाहिजे. उत्तराची मुदत एक महिना असते: ३ सप्टेंबरला आलेल्या अर्जाचे उत्तर ३ ऑक्टोबरपर्यंत द्यावे लागते.

अर्ज आला त्याच दिवशी तारीख नोंदवावी आणि संबंधित मेलबॉक्समधील जुने ईमेल आपोआप पुसले जाण्याची सोय बंद करावी. द्यायला लागू नये म्हणून एखादी गोष्ट मुद्दाम पुसणे किंवा लपवणे हा २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन ॲक्टच्या कलम १७३ खाली गुन्हा आहे. ओळखीचा पुरावा खरी शंका असेल तरच मागावा; सात वर्षे शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडे पासपोर्ट मागणे ही टाळाटाळच ठरते.

आता तो प्रश्न. अर्जदाराविषयी आपल्याकडे मोठ्या प्रमाणात माहिती असेल, तर त्याला नेमके काय हवे आहे हे विचारता येते आणि त्याचे उत्तर येईपर्यंत मुदत थांबते. कोणता काळ, कोणते प्रकरण, कोणाकोणाचा पत्रव्यवहार, असे स्पष्ट विचारावे, आणि तेही पहिल्या दोन-तीन दिवसांत. अठ्ठाविसाव्या दिवशी विचारलेला प्रश्न सोंग वाटतो. पुष्कळदा अर्जदाराला एका बैठकीची किंवा एका तक्रारीचीच माहिती हवी असते. तरीही ‘सगळेच हवे’ असे तो म्हणाला, तर त्याला मर्यादा घालून घेण्याची सक्ती करता येत नाही. मात्र आपला शोध वाजवी आणि प्रमाणशीर असला की पुरे, हे न्यायालये आधीपासून म्हणत होती आणि २०२५ च्या डेटा (यूज अँड ॲक्सेस) ॲक्टने ते कायद्यातच लिहिले. कोणते मेलबॉक्स व कोणते शब्द शोधले, काय सोडले आणि का, याची नोंद ठेवावी. मॅनेजरने कामासाठी वापरलेला व्हॉट्सॲप ग्रुप या शोधातून सुटत नाही, हे अनेकांना उशिरा कळते.

हा हक्क स्वतःविषयीच्या माहितीवर आहे, अख्ख्या कागदावर नव्हे. अर्जदाराचे नाव केवळ प्रत पाठवलेल्यांच्या यादीत असेल, म्हणून तो सगळा ईमेल त्याची वैयक्तिक माहिती होत नाही. इतरांची माहिती तपासून, आवश्यक तेथे काढून टाकावी; वर्डमध्ये तिच्यावर नुसता काळा पट्टा ओढला तर खालचा मजकूर सहज कॉपी करता येतो. वकिलाशी झालेला गोपनीय सल्ला-पत्रव्यवहार देण्याची गरज नसते.

काम गुंतागुंतीचे असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, परंतु ते पहिल्याच महिन्यात कारणांसह कळवावे लागते.

नकार देण्याचा किंवा वाजवी शुल्क मागण्याचा मार्ग अर्ज उघडपणे निराधार किंवा अवाजवी असेल तरच खुला होतो, आणि तसे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली असते. ‘पैसे द्या, अर्ज मागे घेतो’ असे अर्जदाराने लिहिले असेल, किंवा आधीच दिलेली तीच माहिती तो आठवड्या-आठवड्याला पुन्हा मागत असेल, तर आपली बाजू भक्कम होते. माहिती पुष्कळ आहे एवढे कारण पुरत नाही. तिचा उपयोग तो आपल्याविरुद्धच्या दाव्यात करणार आहे हेही पुरत नाही. कोर्ट ऑफ अपीलने २०१७ मध्ये डॉसन-डेमर प्रकरणात तसेच म्हटले. नकार द्यायचाच झाला, तर तो एका महिन्याच्या आत, कारणे सांगून आणि माहिती-संरक्षणाच्या सरकारी नियामकाकडे तक्रार करण्याचा व न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला असल्याचे स्पष्ट लिहून द्यावा.