चार्ल्सटनला यायचं कधी? आधी खाडीत काय मिळतंय ते बघा, मग तिकीट काढा

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात, आम्ही जुलैत चार्ल्सटनला येतोय, काय काय बघायचं सांग ना. आणि मी दरवेळी एकच सांगते, जमत असेल तर जुलै सोडून या. समुद्र आहे, जुनी घरं सुंदर आहेत, सगळं खरं, पण जुलैत इथली हवा म्हणजे मुंबईचा मे महिना, दोन मिनिटांत कपडे अंगाला चिकटतात, कलेचे मोठे उत्सव उरकलेले असतात आणि कालवांचा सीझन बंद असतो. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातलं हे शहर 1670 सालचं, अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर वसलेलं, आजूबाजूला सगळं खाजण, आणि इथलं खाणं अजूनही बऱ्यापैकी भरती-ओहोटीच्या हिशोबाने चालतं. म्हणून माझी पद्धत अशी की आधी कुठल्या महिन्यात खाडीतून काय येतंय ते बघायचं आणि त्याच्या आसपास गाणं-नाटक-चित्रं बसवायची. उलटं केलंत तर तिकिटांवर पैसे जातात आणि प्लेटमध्ये फ्रोझन कोळंबी येते.

थंडीपासून सुरू करूया, कारण माझ्या मते खाण्यासाठी तोच खरा सीझन. कालवं साधारण ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत काढतात. उन्हाळ्यात पाणी गरम झालं की त्यांचा विणीचा काळ असतो, मग ती पातळ, बेचव लागतात आणि गरम पाण्यात घातक जंतूही वाढतात, त्यामुळे तेव्हा बंद. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात त्यातलाच प्रकार. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका रविवारी शेजारच्या माउंट प्लेझंट गावात बून हॉल या जुन्या मळ्याच्या मैदानावर लोकंट्री ऑयस्टर फेस्टिव्हल होतो, आयोजक 80,000 पौंड वजनाच्या कालवांपर्यंतचा आकडा सांगत आलेत, त्यावरून गर्दीची कल्पना करा. एन्ट्रीचं तिकीट वेगळं आणि कालवांच्या बादल्या वेगळ्या, हे आधी माहीत असू द्या. जाताना कालवं फोडायचा बोथट टोकाचा सुरा आणि एक जाड हातमोजा घरून न्या. पहिल्या वर्षी मी मोज्याशिवाय सुरुवात केली आणि तिसऱ्याच कालवाला तळहात कापून घेतला, इथली कालवं एकेकटी नसतात, झुपक्याने एकमेकांना चिकटलेली असतात आणि कडा अक्षरशः ब्लेडसारख्या.

पण खरं सांगू, फेस्टिव्हलपेक्षा मला एखाद्या चर्चच्या किंवा शाळेच्या मदतीसाठी भरवलेला छोटा ऑयस्टर रोस्ट जास्त आवडतो, थंडीत वीकेंडला असे बरेच होतात, गावातल्या बोर्डांवर पाट्या लागतात. जाळावर लोखंडी पत्रा, त्यावर फावड्याने कालवं ओतायची, वरून ओलं गोणपाट टाकायचं, वाफेने पाच-दहा मिनिटांत तोंडं उघडायला लागतात. मग तोच ढीग फावड्याने उचलून लाकडी टेबलावर. टेबल उभ्याने खायचं, मधे भोक आणि खाली डबा, शिंपले त्यात टाकायचे. आतलं पाणी सांडू देऊ नका, खारट-गोड असतं, तीच तर मजा. खाजणाच्या चिखलाचा तो वास, धूर, आणि थंडीत हातात गरम कालव, मला तरी एकदम कोकणातली ओहोटीची वेळ आठवते.

फेब्रुवारीत साउथइस्टर्न वाइल्डलाइफ एक्सपोझिशन असतं, 1983 पासून चालू आहे, पक्षी-प्राण्यांची चित्रं, लाकडात कोरलेली बदकं, शिकारी पक्ष्यांचे खेळ, मुलं बरोबर असतील तर नक्की जा. मार्चमध्ये चार्ल्सटन वाइन अँड फूड होतं, 2006 पासून, त्याबद्दल थोडक्यात सांगते, चांगलं आहे पण महाग आहे आणि नावाजलेल्या शेफच्या जेवणांची तिकिटं लवकर संपतात. एकाच इव्हेंटला जायचं असेल तर वाईनपेक्षा इथल्या तांदळाबद्दल किंवा गला-गीची स्वयंपाकाबद्दल असेल तो निवडा, ते दुसरीकडे मिळणार नाही.

आता हे गला-गीची लोक कोण, हे समजल्याशिवाय इथलं खाणं कळत नाही आणि कलाही नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज, इथल्या किनाऱ्यावर आणि बेटांवर त्यांनी स्वतःची भाषा, खाणं, टोपल्या करायची कला टिकवून ठेवली. इथली भातशेती त्यांच्या हातांवर आणि त्यांच्याच माहितीवर उभी राहिली. तीळ इथे त्यांच्याबरोबर आले, अजूनही त्यांना बेने म्हणतात आणि त्याच्या पातळ कुरकुरीत बिस्किटांना बेने वेफर्स. भेंडी त्यांचीच. नवीन वर्षाच्या दिवशी हॉपिन जॉन खातात, तो म्हणजे सरळ चवळी-भात. रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, आपल्यासारख्याच. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, त्यावर कोळंबी घातली की झाले श्रिम्प अँड ग्रिट्स. मराठी माणसाला हे जेवण परकं वाटतच नाही. शहरात आल्यावर पहिल्या दिवशी इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमला जा, जून 2023 मध्ये उघडलं, ज्या गॅड्सडन्स वॉर्फवर माणसांनी भरलेली जहाजं लागायची त्याच जागेवर आहे. ते बघून मग जेवायला बसलात की प्लेटमधला भात वेगळा दिसतो.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी साधारण माउंट प्लेझंटला ब्लेसिंग ऑफ द फ्लीट असतं आणि हे मी कुठल्याही मराठी माणसाला चुकवू देत नाही, कारण ही इथली नारळी पौर्णिमाच आहे. कोळंबीच्या सीझनआधी तिथल्या शेम क्रीक खाडीतल्या होड्या सजून रांगेने बंदरातून जातात आणि धर्मगुरू एकेका होडीला आशीर्वाद देतात. काठावर पार्कमध्ये खाणं, गाणी, हस्तकलेची दुकानं, एन्ट्री फ्री. होड्या आता पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत, बाहेरून येणाऱ्या स्वस्त कोळंबीने इथल्या कोळ्यांचं कंबरडं मोडलंय, त्यामुळे जेवायला जाल तिथे कोळंबी इथली आहे का हे स्पष्ट विचारा, विचारण्यात काहीच वावगं नाही. याच दिवसांत, मार्चअखेर ते एप्रिल, कवच टाकून नुकतेच मऊ झालेले खेकडे येतात, अख्खे तळून देतात, आठवडा-दोन आठवडे जोरात असतात आणि संपतात. मेन्यूवर दिसले की दुसरं काही मागवू नका.

मग मे. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते, त्या वीकेंडपासून 17 दिवस स्पोलेटो फेस्टिव्हल यूएसए. इटलीतल्या स्पोलेटो गावात संगीतकार जान कार्लो मेनोत्ती यांनी 1958 मध्ये उत्सव सुरू केला होता, त्याचीच ही अमेरिकेतली जोडी, 1977 पासून. ऑपेरा, नाच, नाटक, जॅझ सगळं एकदम चालू असतं आणि नवखा माणूस गोंधळून जातो, म्हणून मी सांगते तसं करा. एक मोठा कार्यक्रम आणि एक चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांची छोटी मैफल, बस. चेंबर म्युझिक डॉक स्ट्रीट थिएटरमध्ये दिवसा असतं, मूळ थिएटर 1736 चं, आत्ताची वास्तू म्हणजे जुनं हॉटेल, 1937 मध्ये थिएटर म्हणून पुन्हा उघडलं, आत सगळं लाकूड आणि वाजवणारे इतके जवळ की व्हायोलिनवाल्याचा श्वास ऐकू येतो. शास्त्रीय पाश्चात्य संगीत कळत नसेल तरी जा, मलाही कळत नव्हतं, बैठकीसारखं वाटतं. जॅझ ऐकायचं असेल तर चार्ल्सटन कॉलेजच्या सिस्टर्न यार्डमध्ये, जुन्या ओक झाडांखाली उघड्यावर, पण पावसाची सर येऊ शकते, रेनकोट ठेवा. आणि हा उत्सव फक्त बाहेरून आणलेल्या कलेचा आहे असं समजू नका, 2022 मध्ये इथेच ओमर या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, चार्ल्सटनला गुलाम म्हणून आणलेल्या ओमर इब्न सईद या विद्वानाची गोष्ट, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं.

बजेट कमी असेल तर पिकोलो स्पोलेटो. शहराचं सांस्कृतिक खातं 1979 पासून त्याच 17 दिवसांत हा जोड-उत्सव करतं, स्थानिक कलाकार, बरेच कार्यक्रम फुकट किंवा अगदी थोड्या पैशात. मॅरियन स्क्वेअरला चित्रकार तंबू टाकून बसतात, गर्दी नसेल तेव्हा गेलात तर निवांत बोलतात. मी एका वर्षी मुख्य उत्सवाचं एकही तिकीट न काढता चार दिवस भरगच्च घालवलेत. एप्रिल ते नोव्हेंबर शनिवारी तिथेच शेतकरी बाजारही भरतो, नाश्ता तिकडेच करा.

सप्टेंबरच्या शेवटी मोजा आर्ट्स फेस्टिव्हल, 1984 पासून, मोजा म्हणजे स्वाहिली भाषेत एक. आफ्रिकन-अमेरिकन आणि कॅरिबियन नाच, गॉस्पेल, कविता, रस्त्यावरची मिरवणूक. प्रसिद्धी स्पोलेटोच्या मानाने कमी पण गावची माणसं भेटतात ती इथे. फक्त हरिकेनचा सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो, त्यामुळे या दिवसांत बुकिंग रद्द करता येईल असंच करा.

टोपल्यांबद्दल जरा थांबून सांगायचंय. सिटी मार्केटमध्ये आणि माउंट प्लेझंटच्या हायवे 17 च्या कडेला स्वीटग्रासच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या दिसतील. या टोपल्या विणत नाहीत, शिवतात. गवताची जुडी गोल गोल फिरवत न्यायची आणि ताडाच्या पानाची पट्टी तिच्यातून ओवून घट्ट ओढायची, भोक पाडायला बऱ्याचदा चमच्याचा दांडा घासून केलेलं हत्यार. माझी आई आली होती तेव्हा एका दुकानापाशी थबकली, समोर एक पसरट उथळ टोपली होती, म्हणाली अगं हे तर सूप. आणि खरंच, भात पाखडायचंच ते, फॅनर म्हणतात. आईने हातात घेऊन पाखडून दाखवलं, समोरच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही त्यांच्या पद्धतीने दाखवलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. घासाघीस करू नका, छोट्या टोपलीलाही तासन् तास लागतात, मोठीची किंमत शेकड्यांत डॉलर असते आणि ती रास्त आहे. फोटो विचारून काढा.

शाकाहारी लोकांनी सावध राहा. हिरव्या पालेभाजीत, म्हणजे कॉलर्डमध्ये, डुकराचं मांस घालून शिजवतात, रेड राइस म्हणजे टोमॅटोतल्या भातात सॉसेज असतं, हॉपिन जॉनमध्येही. एका ठिकाणी भाजी व्हेजिटेरियन आहे ना विचारलं तर हो म्हणाले, कारण वर तुकडे नव्हते, पाणी मात्र हाडाचं. म्हणून व्हेज आहे का असं न विचारता यात पोर्क किंवा चिकन स्टॉक आहे का असं विचारा. तळलेली भेंडी, उकडलेल्या शेंगा, कॉर्नब्रेड यावर बऱ्यापैकी निभावतं, तेल कुठलं तेवढं विचारून घ्या.

बाकी किरकोळ. डाउनटाउनमध्ये डॅशची ट्रॉली फुकट आहे, गाडी गॅरेजला लावून तीच वापरा. मोठ्या भरतीला काही रस्त्यांवर पाणी येतं, ऊन पडलेलं असतानाही, म्हणून निघायच्या आधी भरतीची वेळ बघा. खाजणाजवळ संध्याकाळी डोळ्यांना न दिसणारी चिलटं चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे.

आणि कालवं खाल्लीत तर शिंपले कचऱ्यात टाकू नका, त्यांची वेगळी पिंपं असतात. ते शिंपले वाळवून परत खाडीत टाकतात, कालवांची पिल्लं चिकटायला जुनाच शिंपला शोधतात.