कॉपरबँड आणायचाय? आधी दोन कॅनवर मार्कर फिरवा

टाकी, फिल्टर, लाइट, दगड यांवर बोलत नाही. ते जमत नसेल तर कॉपरबँड बटरफ्लाय या समुद्री माशाच्या नादी लागूच नका. टाकी चारशे लिटरच्या पुढची आणि निदान सहा महिने चाललेली हवी. अमोनिया, नायट्राइट शून्य. मासा एकच, दोन भांडतात.

आता गोडं पाणी. मी इथेच मेलो, म्हणून नीट वाचा.

टाकी २५-२६ अंशांवर ठेवायची आणि आपल्या जळगावात मे महिन्यात बाहेर ४४-४५. चिलर परवडला तर उत्तम. मला परवडला नाही, मी वरून दोन पंखे लावले. पंख्याने गारवा येतो तो पाणी उडतं म्हणूनच, आणि आपली हवा तर पापड वाळवायची. माझ्या साडेचारशे लिटरच्या टाकीतून दिवसाला जवळजवळ दहा लिटर उडायचं. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच, मीठ न घातलेल्या.

गेल्या आखाजीला आम्ही पाच दिवस शिरपूरला, सासरी. धाकट्या भावाला सांगून गेलो, "पातळी उतरली की कॅनमधलं भर." कॅन दोन, दोन्ही निळे, एकात पाणी बदलायला कालवलेलं खारं. त्याने तेच भरलं. नंतर मलाच विचारतो, "दादा, समुद्राच्या माशाले गोडं पाणी कशाले?" त्याचं काय चुकलं? मी येऊन बघतो तर क्षारता (विशिष्ट गुरुत्वाने) १.०२५ची १.०२८. मासा कोपऱ्यात तिरका उभा, शिंपला पुढ्यात धरला तरी चोच हलवेना. दहाव्या दिवशी गेला.

म्हणून कॅनवर मोठ्या अक्षरात 'गोडं' आणि 'खारं' लिहा. टाकीच्या काचेवर पातळीची चिकटपट्टी लावा. जमल्यास फ्लोटवाला ऑटो टॉपअप बसवा, पण त्याची बादली गावाला जाण्याआधी भरा. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. आणि गोडं म्हणजे बोअरचं नव्हे, त्यातले क्षारही मागेच साठतात. घरच्या पिण्याच्या आरओतही बहुधा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो. आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढणाऱ्या फिल्टरचं), टीडीएस शून्य दाखवणारं हवं.

लाइट जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअरपंप ठेवा. कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात पंप बंद म्हणजे संपलंच. लाइट आली की पंखे पुन्हा सुरू, पाणी पुन्हा उतरणार. कॅनवर लिहिलं ना?

खरेदी दिवाळीनंतर, थंडीत. मुंबईहून रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या खोक्यात. दुकानात तो खाताना डोळ्यांनी बघा. "खातो हो" या शब्दावर पैसे देऊ नका. डोक्यामागे खोल गेलेला, पोट चपटलेला मासा कितीही सुंदर असो, सोडा. एप्टेशिया (टाकीत माजणारं उपद्रवी अ‍ॅनिमोन) खाईल म्हणून आणत असाल तर खाईलच असं नाही. काही बघतसुद्धा नाहीत.

खाण्याला फ्रोझन मायसिस, ब्राइन श्रिम्प (दोन्ही बारीक कोळंबीसारखे जीव) आणि अर्धवट उघडलेला शिंपला. तो दगडाच्या फटीत अडकवायचा. लांब चोच आत घालून टिचटिच ओढतो, शेपटीकडचा खोटा डोळा आपल्याकडे रोखलेला. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. दांडगे सोबती नकोत, ते सगळं आधी फस्त करतात.

नवा मासा आणला की आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे, रोग असला तर तिथेच कळतो. ती लहान, तिथलं पाणी लवकर उतरतं, तिथेही गोडंच. तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीच नाही, कोरल मरतील.

मग थेंबथेंब पाणी मिसळून मुख्य टाकीत सोडा, टाकीचा लाइट बंद, त्या दिवशी काही टाकू नका. पट्टीकडे बघा, बोटभर उतरलीच असेल. भरा. गोडं.